छपरावरील सौर संच : आकाराचा आणि खर्चाचा हिशेब

(मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्याच्या सौंसर तालुक्यातील बोरगाव येथे ग्रामस्थ, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर एका प्रसिद्धी अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नागपूरहून निघून सावनेर मागे पडले आणि राज्याची सीमा ओलांडली, तरी रस्त्याच्या दुतर्फा संत्र्याच्या बागा तशाच दिसत राहिल्या आणि चहाच्या टपरीवर कानी पडली तीही आपली मराठीच. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती, हे येथील वयोवृद्ध मंडळींना मी सांगावे असे नाही. तेव्हा पाहुणा म्हणून आपण मला बोलाविले असले तरी परक्या मुलखात आल्याची भावना माझ्या मनात नाही. एक गोष्ट मात्र सीमा पक्की ओळखते, ती म्हणजे विजेचे बिल. नागपूरचे बिल महावितरणचे, आपले बिल जबलपूरच्या पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचे. दर वेगळे, सवलती वेगळ्या. म्हणून नागपूरच्या मेहुण्याने छपरावर पॅनेल बसविले आणि त्याचे बिल उतरले, एवढ्याच आधारावर आपण पाऊल उचलू नये. आजच्या माझ्या बोलण्याचा बहुतेक भाग याच एका गोष्टीविषयी आहे.

प्रथम एक कबुली देतो. माझा व्यवसाय प्रसिद्धीचा. भित्तिपत्रके, पुस्तिका आणि जाहिरातींचा मजकूर तयार करण्यात माझी वर्षे गेली आहेत. ‘मोफत वीज’ हे दोन शब्द भित्तिपत्रकावर मोठ्या अक्षरांत किती शोभून दिसतात, हे मी चांगले जाणतो. परंतु भित्तिपत्रकावर हिशेब मावत नाही. तो तुमच्यासमोर बसूनच करावा लागतो, आणि तो केल्यानंतर कोणाला संच घ्यावासा वाटेल, कोणाला लहान घ्यावासा वाटेल, तर कोणाला यंदा मुळीच न घेणे हिताचे वाटेल. ही तिन्ही उत्तरे योग्य असू शकतात.

योजनेची माहिती थोडक्यात देतो, कारण ती बहुतेकांनी ऐकली आहे. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. देशातील १ कोटी घरांवर सौर संच बसावेत हे तिचे उद्दिष्ट असून त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. घरगुती ग्राहकास पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये अनुदान मिळते. म्हणजे एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये. चौथ्या, पाचव्या किलोवॅटला आणखी काही नाही. हे केंद्राचे अनुदान असल्यामुळे सावनेरला जेवढे, तेवढेच बोरगावला. ज्या देशात १९७७ साली साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सार्वजनिक उपक्रमाने पहिला सौर सेल तयार केला आणि तेव्हा तो प्रयोगशाळेतील नवलाचा विषय होता, त्याच देशात आज कवेलूच्या घरात राहणारा माणूस पॅनेलचा भाव विचारतो आहे. ही वाटचाल लहान नव्हे.

आता मुख्य विषय. माणूस दुकानात जातो आणि विचारतो, “माझ्या घराला किती किलोवॅट लागेल?” विक्रेता घराकडे, गच्चीकडे आणि किंचित खिशाकडे पाहून उत्तर देतो. वास्तविक हा प्रश्न दुकानात विचारण्याचा नसून घरातल्या कपाटाला विचारण्याचा आहे, जेथे मागील बारा महिन्यांची बिले ठेवलेली असतात. नसल्यास वितरण केंद्रातून वर्षाच्या वापराचा तपशील मिळवावा. तुमच्या हिंदी बिलात ‘खपत’ या शब्दासमोर जो आकडा असतो, तो त्या महिन्याचा वापर, युनिटमध्ये.

येथे किलोवॅट आणि युनिट यांतील भेद सांगितला पाहिजे. मी कला शाखेचा पदवीधर. हा भेद मला वयाच्या चाळिशीत कळला, त्यामुळे कोणी गोंधळत असेल तर त्याने संकोच मानू नये. किलोवॅट हे सामर्थ्याचे माप आहे आणि युनिट हे झालेल्या कामाचे. नळाची तोटी किती जाड हे किलोवॅट, आणि दिवसभरात हंड्यांत किती पाणी साचले हे युनिट. एक किलोवॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. शंभर वॅटचा दिवा दहा तास जळला तरीही तेवढीच. सौर पॅनेलचेही तसेच. एक किलोवॅटचा संच दिवसाचे चोवीस तास एक किलोवॅट देत नाही. ऊन चढते, कलते, ढग येतात, रात्र होते. आपल्या या मुलखात वर्षभराची सरासरी काढली, तर एका किलोवॅटमागे दिवसाला सुमारे चार युनिट वीज मिळते. महिन्याची सरासरी मी आजच्या हिशेबासाठी ११५ युनिट धरतो. उत्साही विक्रेता दीडशे सांगेल. त्याच्याशी वाद घालू नये, आपल्या कागदावर मात्र ११५ लिहावे.

मग बारा महिन्यांची खपत मिळवावी, तिला बाराने भागावे, आणि आलेल्या उत्तराला ११५ ने भागावे. जो आकडा येईल, तो तुमच्या संचाचा आकार. सातवीच्या विद्यार्थ्याला हा भागाकार येतो, आणि शिक्षक बंधूंना माझी विनंती आहे की त्यांनी तो वर्गात घरच्या बिलांवरून करवून घ्यावा. आईवडिलांची फसगत टाळण्याचे काम मुलाच्या वहीने केले तर ते शाळेला भूषणावहच आहे.

बारा महिनेच का, असा प्रश्न येईल. मे महिन्याचे बिल हातात घेऊन संच ठरविणारा माणूस कूलरचा हिशेब वर्षभराला लावतो, आणि जानेवारीचे बिल घेऊन ठरविणारा उन्हाळा विसरतो. शिवाय नेट मीटर बसल्यावर दिवसा जादा झालेली वीज वितरण कंपनीच्या तारांत जाते आणि रात्री लागणारी तिकडून येते. महिन्याअखेरीस वजाबाकी होते आणि उरलेले युनिट पुढच्या महिन्याच्या खाती जमा होतात. म्हणून वर्षाचा मेळ बसणे महत्त्वाचे, एखाद्या महिन्याचा नव्हे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका शिक्षकाचे घर आहे. शीतकपाट, तीन पंखे, उन्हाळ्यात कूलर, विहिरीवरची लहान मोटार. वर्षाची खपत २,७६० युनिट. बाराने भागले, २३० आले. त्याला ११५ ने भागले, बरोबर दोन. दोन किलोवॅटचा संच आज साधारणपणे १,३०,००० रुपयांच्या आसपास बसतो असे धरू. गावोगाव आणि मालाच्या प्रतीनुसार हा आकडा खालीवर होईल. त्यातून ६०,००० रुपये अनुदान वजा जाता पदरचे ७०,००० रुपये. विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. कर धरून सरासरी सहा रुपये मानली, तर २,७६० युनिटांचे वर्षाला १६,५६० रुपये वाचतील. ७०,००० रुपये सव्वाचार वर्षांच्या आत-बाहेर वसूल होतील. पॅनेलच्या उत्पादनाची हमी सामान्यतः पंचवीस वर्षांची असते. इन्व्हर्टर मात्र आठ-दहा वर्षांनी बदलावा लागू शकतो, त्यासाठी वीस हजारांच्या आसपासची रक्कम मनात बाजूला ठेवावी. तरीही व्यवहार चांगला आहे. या शिक्षकाने संच अवश्य घ्यावा, एवढे जाणून की बिल शून्यावर येणार नाही. जोडणीचा स्थिर आकार, ज्याला आपल्याकडे नियत प्रभार म्हणतात, तो राहतोच.

आता याच शिक्षकाला कोणी म्हणते, “गुरुजी, तीन किलोवॅट घ्या. पूर्ण ७८,००० अनुदान मिळेल, सोडता कशाला?” हे वाक्य फार गोड असते. त्याचा हिशेब पाहू. तिसऱ्या किलोवॅटला सुमारे ५०,००० रुपये जास्त, त्यावर अनुदान १८,०००, म्हणजे पदरचे ३२,०००. त्यातून वर्षाला १,३८० युनिट निघतील, पण घराची गरज तर दोन किलोवॅटमध्येच भागली आहे. उरलेली वीज कंपनी वर्षाअखेरीस घेते, परंतु आपण ज्या दराने वीज घेतो त्या दराने ती आपली वीज घेत नाही. तो दर कराराच्या कागदावर पाहून घ्यावा. तीन रुपये जरी धरला, तरी वर्षाला ४,१४० रुपये, आणि ३२,००० वसूल होण्यास पावणेआठ वर्षे. पुढच्या उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र बसवायचे असेल, विजेवरची दुचाकी घ्यायची असेल, किंवा सिलिंडर सोडून इंडक्शनवर स्वयंपाक करायचा असेल, तर तिसरा किलोवॅट जरूर घ्यावा. केवळ अनुदान बुडेल या भीतीने घेऊ नये. न घेतलेल्या वस्तूवरील सूट हा तोटा नसतो.

यानंतर ज्या घरांविषयी बोलण्यासाठी मी मुद्दाम आलो आहे, त्यांच्याकडे वळतो. बोरगावात आणि आसपासच्या खेड्यांत अशी घरे पुष्कळ आहेत : दोन पंखे, चार दिवे, एक दूरचित्रवाणी संच. महिन्याची खपत ८०-९० युनिट. मध्य प्रदेश शासनाच्या अटल गृह ज्योती योजनेखाली ज्या घरगुती ग्राहकाचा मासिक वापर १५० युनिटांच्या आत राहतो, त्याला पहिल्या १०० युनिटांसाठी १०० रुपये आकारले जातात. ही सवलत तुमच्या बिलावर वेगळी दाखविलेली असते. तर ९० युनिटांचे हे घर महिन्याला सुमारे १०० रुपये भरते, वर्षाला १,२००.

अशा घरी एक किलोवॅटचा संच बसविला. किंमत ६५,००० धरू. ३०,००० अनुदान गेले, पदरचे ३५,००० राहिले. बिलातला एक पैसाही उरला नाही असे मानले तरी वर्षाला वाचणार १,२०० रुपये. ३५,००० भागिले १,२००, एकोणतीस वर्षे. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची! आणि हे ३५,००० कर्जाऊ घेतले असतील, तर सहा टक्के दराने पहिल्या वर्षाचे व्याजच २,१०० रुपये होते. वाचले बाराशे, व्याज एकवीसशे. ज्या घरात संत्र्याचा मृग बहार फसला तर वर्षाचे गणित कोलमडते, त्या घराच्या दारी हा हप्ता दर महिन्याला उभा राहील. माझे हे शब्द छापून आले तर माझ्याच खात्यातील कोणाच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. परंतु सवलतीत बसणाऱ्या घराला कर्ज काढून संच घेण्याचा सल्ला देणे मला योग्य वाटत नाही, आणि तसे मी कोठेही लिहिणार नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे १५० च्या काठावरचे घर. आठ महिने १२०-१३० युनिट आणि एप्रिलपासून जुलैपर्यंत कूलरमुळे १७०-१८०. दीडशेची रेषा ओलांडली की त्या महिन्याची सवलत सबंध जाते आणि पूर्ण दराने बिल येते. पुष्कळांचा समज असा की, वरच्या वीस-तीस युनिटांचेच पैसे जास्त लागतात. तसे नाही. म्हणून उन्हाळ्याचे बिल पाहून घरधनी दचकतो आणि नेमक्या त्याच आठवड्यात सौर संचाचा विक्रेता दारी येतो. या घराने आधी पंख्यांकडे पाहावे, असे मी म्हणेन. जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो. दिवसाला चौदा तास, महिनाभर चालला तर साडेएकतीस युनिट. बीएलडीसी नावाचा नवा पंखा ३० वॅटवर चालतो. त्याचे होतात साडेबारा. एका पंख्यामागे महिन्याला एकोणीस युनिटांची बचत. असे दोन पंखे बदलले की १८० चे १४२ होतात आणि घर रेषेच्या आत येते. खर्च सहा-सात हजारांच्या घरात. लाखाच्या आतबाहेरच्या प्रश्नाला सात हजारांचे उत्तर मिळत असेल, तर प्रथम ते घ्यावे. सवलतीच्या योजना शासनाच्या निर्णयाने बदलतात. उद्या ती राहिली नाही किंवा घरातील वापर वाढला, तर हाच हिशेब नव्या आकड्यांनी पुन्हा मांडता येईल.

आता छपराकडे. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. ‘सावलीविरहित’ या शब्दाला माझ्या लेखी फार किंमत आहे, कारण ती मी मोजली आहे. माझ्या स्वतःच्या घरी संच बसविला तेव्हा जागेची पाहणी मेच्या अखेरीस भर दुपारी झाली. आपल्या अक्षांशावर त्या सुमारास सूर्य मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावलीही दिसत नाही. पाहणी करणाऱ्याने चहूकडे पाहिले, “जागा उत्तम” म्हटले, मीही मान डोलावली, आणि पाण्याच्या टाकीच्या उत्तरेस पॅनेल बसले. डिसेंबर उजाडला. सूर्य दक्षिणेकडे कलला. आपल्याकडे २२ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो, म्हणजे वस्तू जेवढी उंच तेवढीच तिची सावली लांब. सकाळी नऊला ती जवळजवळ दुप्पट. माझी टाकी चबुतऱ्यासह आठ फूट उंच. तिची सावली सकाळी सोळा फूट लांबत जाऊन दोन पॅनेलांवर पडू लागली. पॅनेल एकामागून एक जोडलेली असल्याने एकावर पडलेली सावली इतरांचेही उत्पादन खाली ओढते. उत्पादन का घटले हे समजण्यात माझे दोन हिवाळे गेले. शेवटी नळकारागीर आणून टाकी हलवावी लागली. दोष पाहणी करणाऱ्याचा होता तसा माझाही होता. उत्तरायण-दक्षिणायन ही पंचांगातली गोष्ट आपल्या गच्चीवरही घडते, हे सुशिक्षित म्हणविणाऱ्या मला सुचले नाही.

तेव्हा गच्चीच्या दक्षिण बाजूला काय आहे, ते पाहावे. टाकी, जिन्याची खोली, कडुनिंब, शेजाऱ्याचा होऊ घातलेला वरचा मजला. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि कल वीस-बावीस अंशांचा असावा. कवेलूच्या छपरावर थेट पॅनेल बसवू नयेत. एकेका पॅनेलचे वजन पंचवीस-तीस किलो असते, आणि कवेलूखालच्या बल्ल्या किती जुन्या आहेत हे घरच्या माणसालाच ठाऊक. अंगणात किंवा गोठ्याच्या बाजूला लोखंडी सांगाड्यावर संच उभारता येतो, मात्र सांगाडा आणि पाया यांचा खर्च वाढतो, तो आधी विचारून घ्यावा. टिनाच्या छपरावर वाऱ्याचा जोर ध्यानात घ्यावा. वळवाच्या वादळात टिनासकट पॅनेल उडून जाणे हा कोणत्याही हिशेबात न बसणारा खर्च होय.

ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, असाही एक समज आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. तापमान वाढले की त्याचे उत्पादन घटते, आणि मेच्या दुपारी काच हात लावू देत नाही इतकी तापते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चचे स्वच्छ, सौम्य दिवस संचाला मानवतात. पावसाळ्यात उत्पादन उन्हाळ्याच्या मानाने साठ टक्क्यांवर येते आणि झड लागली की त्याहूनही खाली. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ११५ च्या सरासरीत हे सर्व धरलेले आहे. धूळ मात्र आपल्या हातची. पंधरवड्याने सकाळी, काच तापण्यापूर्वी, साध्या पाण्याने धुवावे. वानरांचा बंदोबस्त कसा करावा, हे मला अनेक गावांत विचारले गेले आणि समाधानकारक उत्तर अद्याप कोठे ऐकले नाही. जवळच्या झाडाची छपरावर आलेली फांदी छाटणे, एवढे एक सुचविता येते. त्याने सावलीही टळते.

एका गैरसमजाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. अनुदानाचा हा संच वितरण कंपनीच्या तारांशी जोडलेला असतो. लाईन गेली की तो आपोआप बंद होतो, भर दुपारी, लख्ख उन्हातसुद्धा. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवाला तुमच्या छपरावरून आलेल्या विजेने धोका होऊ नये, म्हणून ही व्यवस्था आहे आणि ती योग्यच आहे. परंतु भारनियमनाच्या त्रासापायी ज्यांना संच घ्यायचा आहे, त्यांना हे आधी समजले पाहिजे. लाईन गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी असलेला वेगळ्या प्रकारचा संच लागतो, आणि बॅटरीचा खर्च अनुदानाच्या बाहेर राहतो.

ज्या बागेत किंवा शेतातल्या घरात लाईनच पोचलेली नाही, तेथे हिशेबाची पद्धत उलटी. तेथे बिल नसते, म्हणून उपकरणे मोजावीत. ९ वॅटचे चार दिवे पाच तास, १८० वॅट-तास. ३० वॅटचा पंखा दहा तास, ३००. ५० वॅटची दूरचित्रवाणी तीन तास, १५०. भ्रमणध्वनी भारित करण्यास २०. एकूण ६५०. बॅटरीत भरताना-काढताना आणि तारांत जवळजवळ तिसरा हिस्सा गळतो, म्हणून चार तासांच्या पूर्ण उन्हाला सत्तर टक्के लावून भागाकार करावा. सुमारे २३० वॅट येतात. पावसाळ्यासाठी थोडे वाढवून ३३० वॅटचे एक पॅनेल पुरे. बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची. तिच्यात १,८०० वॅट-तास मावतात, पण शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केली की लवकर मरते. चार-पाच वर्षांनी ती बदलावीच लागेल. पंपाचा प्रश्न येथे आणू नये. त्यासाठी २०१९ पासून कुसुम ही स्वतंत्र योजना आहे आणि तिचे नियम निराळे आहेत.

गरज आधी आणि पॅनेल मागून, याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. बैतूल जिल्ह्यातील बांचा या आदिवासी खेड्यात पाऊणशेच्या आसपास घरे आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने बेतलेल्या संचावर तेथील घरांत चूल पेटविण्याऐवजी विजेच्या शेगडीवर स्वयंपाक होऊ लागला. २०१८ च्या सुमारास देशभर त्याची चर्चा झाली. संच बेतला गेला तो चुलीच्या गरजेवरून. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पहिले सौरग्राम म्हणून पुढे आली. दोन्ही गावे पाहण्यासारखी आहेत, पण पाहून आल्यावर हिशेब मात्र बोरगावच्या बिलावर करावा.

पैशाच्या व्यवहाराबद्दल थोडे. अनुदान आधी मिळत नाही. संच बसतो, तपासणी होते, नेट मीटर लागतो आणि मग रक्कम तुमच्या बँक खात्यात जमा होते. म्हणजे १,३०,००० ची सोय प्रथम करावी लागते, ७०,००० ची नव्हे. राष्ट्रीयीकृत बँका तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला तारणाविना, सहा-सात टक्क्यांच्या आसपासच्या व्याजाने कर्ज देतात. व्याजदर अर्जाच्या दिवशी विचारून घ्यावा. अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर करावयाचा असून संच नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा लागतो आणि पॅनेल भारतात तयार झालेल्या सेलचीच असावी लागतात. ‘अनुदान मंजूर करून देतो’ म्हणून कोणी रोख रक्कम मागितल्यास ती देऊ नये. तीन विक्रेत्यांकडून लेखी दरपत्रके मागवावीत. त्यांत सांगाडा, तारा, अर्थिंग, वीजरोधक आणि पाच वर्षांची देखभाल धरली आहे का, ते पाहावे. सौर उपकरणांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. दरपत्रक जुने असेल तर नवे मागावे.

आणि एक अडचण, जी कोणत्याही पुस्तिकेत ठळक छापलेली नसते, पण खेड्यांत निम्मे अर्ज तीपायी अडतात. वीजजोडणी अजून आजोबांच्या नावावर असते. आजोबा जाऊन पंधरा वर्षे झाली, बिल त्यांच्याच नावाने येते आणि कोणाचे काही अडत नाही. येथे मात्र अडते, कारण बिलावरचे नाव, अर्जदाराचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव जुळावे लागते. ज्यांना पुढच्या वर्षी संच घ्यायचा आहे, त्यांनी नाव बदलण्याचा अर्ज या महिन्यात वितरण केंद्रात द्यावा. भावाभावांत घराची वाटणी बाकी असेल तर ती बोलणीही त्याआधी उरकून घ्यावीत. वितरण केंद्रातील जे कर्मचारी आज येथे आले आहेत, त्यांना माझी विनंती आहे की अशा अर्जांची कागदपत्रे एकाच वेळी सांगावीत, तीन खेपांत सांगू नयेत.

प्रश्न अनेकांचे असतील. व्यासपीठावरून सर्वांना एकच उत्तर देण्यापेक्षा आपण असे करू. मागच्या भिंतीपाशी दोन टेबले मांडली आहेत. ज्यांनी बिले आणली आहेत त्यांनी तेथे यावे. येथील दोन शिक्षकांनी वह्या-पेन्सिली घेऊन बसण्याचे मान्य केले आहे, मीही बसतो. ज्यांच्या बिलावर सवलत दाखविलेली आहे, त्यांचे बिल आपण प्रथम घेऊ.